दोनशे नावांची एकच बाई

निवृत्त झालो तरी एक तक्रार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी तेव्हा पश्चिम उपनगरातल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. मे महिन्यातली दुपार होती. एका सरकारी संशोधन संस्थेतल्या डॉक्टरबाई फाईल घेऊन आल्या.

संस्थेने हजारो लोकांच्या जनुकांची तपासणी हाती घेतली होती. घरोघरी जाऊन रक्त गोळा करायचं कंत्राट एका खाजगी कंपनीला दिलं होतं. मालाडच्या एका वस्तीचे निकाल आले आणि बाई चक्रावल्या. कर्करोगाला कारण ठरणारा एक दुर्मीळ दोष जवळजवळ अख्ख्या वस्तीत निघाला होता.

"आधी वाटलं, सगळे एकाच घराण्यातले असतील, दोष रक्ताच्या नात्यातून आला असेल. मग नळ्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. साहेब, दोनशेच्या वर नावं आहेत. पुरुष आहेत, म्हातारे आहेत. पण रक्त एकाच बाईचं आहे."

"म्हणजे फसवणूक."

"ती तुम्ही बघा. मला ती बाई हवी आहे. तिला हे माहीत नसणार. लवकर सापडली तर वाचेल."

आमच्याकडे लोक चोर शोधायला येतात. रुग्ण शोधायला आलेलं कुणी मी तोवर पाहिलं नव्हतं.

गुन्हा नोंदवला, कंपनीतून संमतीपत्रं पंचनामा करून ताब्यात घेतली आणि त्यांवरच्या पत्त्यांवर जायला सुरुवात केली. तिसऱ्या घरी एक मालवणी आजी दारात आल्या. मी विचारलं, तुमच्या यजमानांनी फेब्रुवारीत रक्त दिलं का? त्यांनी कागदावरची सही बराच वेळ पाहिली.

"तेंका जावन सात वर्सां झाली," त्या हळूच म्हणाल्या. "ते तुमका खंय गावले?"

सात वर्षांपूर्वी गेलेला माणूस मला कुठे सापडला, असं त्या विचारत होत्या. सोबतचा हवालदार उन्हात जाऊन उभा राहिला. त्या आठवड्यात आणखी चार मेलेली माणसं सापडली. सगळ्यांनी रक्त दिलं होतं, आणि सगळ्यांच्या नळ्यांत तीच बाई होती. नावं जुन्या मतदार यादीतून उचलली होती.

रक्त गोळा करणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरला ठाण्यात आणलं. दोन तास तो "मला काय माहीत" एवढंच म्हणत राहिला. अशा माणसाला दम देऊन उपयोग नसतो. मी त्याच्यासमोर आजींच्या यजमानांचा मृत्यूचा दाखला ठेवला. तो वाचून त्याने एका मुलीचं नाव सांगितलं. त्या वस्तीत रक्त घ्यायचं काम तिच्याकडे होतं.

बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, असा नियम. म्हणून महिला हवालदारांना घेऊन मी तिच्या घरी गेलो. मालाड पूर्वेला एक खोली, ती एकटीच राहायची. वय तिशीच्या आत, चेहरा कागदासारखा पांढरा. खोलीत पंखा बंद, उकाड्याने आम्ही भिजलो होतो आणि तिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता.

"कुणाचं रक्त भरलंस?" मी विचारलं.

तिने बाह्या आणखी खाली ओढल्या. हवालदारबाई तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बाही वर कर गं."

दोन्ही हात कोपरापासून खाली काळेनिळे होते. सुया टोचायला जागा उरली नव्हती.

"कोणी दार उघडत नव्हतं साहेब," ती म्हणाली. "रोजच्या नळ्या भरल्या नाहीत तर उद्यापासून येऊ नको, असं सुपरवायझर सांगायचा. नावं तोच द्यायचा. दुसऱ्या कुणाला फसवून घेतलं असतं तर पाप लागलं असतं ना. म्हणून माझंच काढलं."

केस तिथे उलगडली होती. पण माझी नजर भिंतीवर गेली. हार घातलेला फोटो होता. चेहरा हिचाच, वीसेक वर्षांनी मोठा.

"आई?"

"हो."

"कशाने गेली?"

"छातीत गाठ होती."

मी जबाब बाजूला ठेवला आणि डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या ते तिला सांगितलं; असा दोष आईकडून मुलींकडे येऊ शकतो, हेही सांगितलं. ती रडली नाही. बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग म्हणाली, "मुलुंडला माझी धाकटी बहीण असते. आई गेल्यापासून बोलत नाही माझ्याशी. मी सांगितलं तर खोटं वाटेल तिला. तुम्ही वर्दीत जाऊन सांगाल?"

तिची तपासणी झाली. गाठ होती, पण लहान. ऑपरेशन झालं, ती बरी आहे. सुपरवायझर आणि कंपनीच्या मालकावर दोषारोपपत्र गेलं, कंत्राट रद्द झालं. ती माफीची साक्षीदार झाली.

गुन्ह्यामागचं माणूस शेवटपर्यंत बघावं, हे मी त्या केसमध्ये शिकलो. नुसता आरोपी धरून थांबलो असतो, तर कागदोपत्री तपास चोख ठरला असता आणि बाई गेली असती.

मुलुंडला मी तिच्या घरी गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलो होतो. नोकरीत मृत्यूची बातमी घेऊन कितीतरी दारं वाजवली होती. बहिणीने दार उघडलं, वर्दी पाहिली आणि चौकट घट्ट धरली.

"कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," मी म्हणालो. "म्हणूनच आलोय."