पुढच्या चाकांवरची हवा

काल आमच्या ट्रकच्या पुढच्या चाकांवरचे, धक्के झेलणारे पोलादी पाटे निघाले आणि त्या जागी हवेचे दोन काळे फुगे बसले. शेठनं हे माझ्या पाठीसाठी केलं. सातवीतून शाळा सोडून गावापासून इतक्या लांब, कच्छात आलेल्या ड्रायव्हरसाठी कोण एवढं करतं?

मिस्त्री हसला, "मामा, गाडीचा पाळणा झालाय. झोपू नका म्हणजे झालं!"

पहिल्याच गतिरोधकाला मी सवयीनं सीटवरून अर्धा उठलो. पाट्यांच्या गाडीत आम्ही सगळे असंच धक्का पायांवर घेतो. पण गाडी होडीसारखी अलगद तरंगून गेली. उगाच उठलेला मी तेवढा धपकन बसलो, आणि जुनीच कळ कमरेतून मानेपर्यंत गेली.

इतकी वर्षं मी पाट्यांना शिव्या दिल्या. आता रस्ता मऊ झालाय, तरी मागचे सगळे खड्डे मणक्यांत मुरून बसलेत. ते कुठला मिस्त्री काढणार? आणि पाठ गेली, की ड्रायव्हरचं काय उरतं?

दुपारी शेठचा फोन आला. "पाठ कशी आहे रे?"

"लोण्यासारखी चालतेय गाडी, शेठ," मी म्हणालो.