उलट्या बाकाचा तास

नर्सिंग शाळेतल्या पोरी आपल्या एका बाईंना पाठीमागे पणबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा जिन्यात कानावर पडलं तेव्हा त्या वळून म्हणाल्या होत्या, "पण हे नाव ठेवलं कुणी?" आणि पोरी तोंड दाबून पळाल्या होत्या.

घरी काही वेगळं नव्हतं. "चहा करू का विचारलं तरी ही दोन्ही बाजू मांडते," असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. लेकीने आपलं लग्न ठरवल्याचं आधी मावशीला सांगितलं. आईशी बोलायचं तर सोबत वकील लागतो, असं म्हणाली म्हणे. मावशीने ते जसंच्या तसं पोचवलं. बाईंना ते लागलं, पण त्या भांडी विसळत राहिल्या.

तिसऱ्या वर्षाच्या मुलींना दरवर्षी हॉस्पिटलच्या समितीपुढे एक कल्पना मांडावी लागे. आठ मिनिटं, सहा स्लाइड. समितीला पटलेली कल्पना एखाद्या वॉर्डात खरोखर सुरू होई, बाकीच्या फायलीत जात. तयारी बाईंकडे असे. जुन्या शिवणखोलीत त्यांनी दोन बाकं समोरासमोर मांडली होती. कल्पना जिची असेल तिने समोरच्या बाकावर बसून त्या कल्पनेच्याच विरोधात बोलायचं. तिची बाजू इतरांनी घ्यायची. वीस मिनिटांनी बाकं बदलायची, म्हणजे ऐकलेल्यातलं घ्यायचं ते घेऊन तिने आपली कल्पना पुन्हा स्वतःच्या तोंडाने मांडायची. बाई स्वतःचं मत कधी देत नसत. एकोणीस वर्षांत एकदाही दिलं नव्हतं.

त्या वर्षी एका मुलीला सगळ्या सायलेंट म्हणत. फोन ठेवतात, तशी ती वर्गात असे. तिची कल्पना लहानशी होती. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना रोज अकराला आणि पाचला एका सिस्टरने बाहेर येऊन पेशंटची खबर द्यायची. काही घडलं नसेल तर 'बदल नाही' एवढं सांगायचं. आजी आत असताना आपले वडील त्या बाहेरच्या बाकावर चार दिवस बसून होते, हे तिने एकट्या बाईंना सांगितलं होतं, तेही जाता जाता.

समोरच्या बाकावर बसली आणि या पोरीला कंठ फुटला.

"वेळ कुठून आणणार?" तिने मैत्रिणींना धारेवर धरलं. "सिस्टर बाहेर गप्पा मारतेय आणि आत सलाइनचा पंप वाजला तर?"

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटं? माझ्या काकूला दोन मिनिटांत गप्प करून दाखव, मग मानते तुला."

सगळ्या हसल्या.

"आणि 'बदल नाही' म्हणजे लोकांनी काय समजायचं? एक म्हणेल बरं चाललंय, दुसरा म्हणेल आटोपलं."

"बाई, आम्ही हरलो. जेवायला सोडा."

बाई इतक्या रंगल्या होत्या की त्यांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. घंटा झाली, बाकं बदलायची राहिली. पुढच्या आठवड्यात बदलू, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात बाईंना परीक्षेच्या कामाला जुंपलं. आणि समितीचा दिवस आला.

सहा स्लाइड नीट पार पडल्या. मग मेट्रनने विचारलं, "सगळं छान आहे. पण यासाठी वेळ कुठून आणायचा?"

"वेळ नाहीच आहे, मॅडम," मुलगी म्हणाली, आणि पुढे बोलतच राहिली. पंप, काकू वगळून दोन मिनिटं, 'बदल नाही'चे दोन अर्थ. मुद्देसूद, ठाम, हात हलवत. समितीतले डॉक्टर मोबाईल बघू लागले. मेट्रनने पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे तुझंच म्हणणं, नको?"

मुलीचा हात हवेतच राहिला. शिवणखोलीतून ती अजून परत आलेलीच नाही, हे मागच्या रांगेत बाईंच्या ध्यानात आलं. शिक्षकांनी तिथे बोलायचं नसतं. बाई उठल्या.

"मेट्रन मॅडम बरोबर म्हणतात," त्या म्हणाल्या. "आणि सांगायचं तरी कशाला? नातेवाइकांना काय कळतं? बसतात बाकावर, बसू देत."

मुलगी बाईंकडे वळली.

"कळतं!" ती म्हणाली. "दार उघडलं की माझे बाबा उभे राहायचे. कुणीतरी ट्रॉली घेऊन निघून जायचं, की पुन्हा बसायचे. लघवीलासुद्धा जायचे नाहीत, तेवढ्यात कुणी आलं तर म्हणून. वेळ नाही म्हणता ना? मग दाराची बेल वाजते तेव्हा कोण उठतं? सिस्टरच उठते. मी मोजलंय, एका शिफ्टमध्ये एकतीस वेळा. अकराला कळणार हे माहीत असलं तर कोण कशाला बेल वाजवेल?"

तिला रडू येत होतं. त्यामुळे शेवटची वाक्यं नीट ऐकूही आली नाहीत. मेट्रनने टोपण काढलं.

एकच आयसीयू, एक महिना, फक्त अकराची वेळ, आणि खबर मुलीनेच द्यायची, एवढं मंजूर झालं. बाईंना मध्ये बोलल्याबद्दल प्राचार्यांचं पत्र आलं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नाही, असं त्यांना वाटलं.

मुलगी तीन आठवडे त्यांना टाळत होती. मग एका दुपारी युनिफॉर्ममध्येच दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्हाला खरंच तसं वाटतं? नातेवाइकांना काही कळत नाही असं?"

सवयीने दुसरी बाजू जिभेवर आली. बाईंनी ती तिथेच थांबवली.

"नाही. तुझं मला पहिल्याच दिवशी पटलं होतं."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"हो. चुकलं माझं. बाकं बदलायची राहिली, तेही माझंच."

मुलगी न विचारता खुर्चीवर बसली. वाकून बुटाची लेस बांधू लागली.

"एक काका आहेत. त्यांची बायको आत आहे. पहिल्या दिवशी माझ्यावर ओरडले, बदल नाही हे सांगायला आलीस का म्हणून. काल मला चार मिनिटं उशीर झाला, तर दारातच उभे. म्हणाले, घड्याळबिड्याळ आहे की नाही तुझ्याकडे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"सॉरी म्हणाले," मुलगी म्हणाली. "आणि बदल नाही, म्हणाले."