सोळा संघांची वही

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुणी "सगळं नीट चाललंय" म्हणालं की माझे कान टवकारतात. त्यामुळे जन्मभर क्रिकेटखेरीज काही न पाहिलेले बाबा सोमवारी पहाटे पाचला उठून टॅबलेटवर नॉर्वेची फुटबॉल लीग बघायला लागले, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय अशी माझी खात्रीच झाली.

आई गेल्यावर आम्ही बाबांना पुण्याहून इकडे परदेशात, हिल्सबरोला आणलं. नॉर्वेत रविवारची संध्याकाळ म्हणजे इथे सोमवारची पहाट. ती लीग मार्चअखेरीस सुरू झाली आणि बाबांनी एक वही केली. मी खोलीत गेले की वही मिटायची.

"नॉर्वेच का?" मी विचारलं.

"सोळाच संघ आहेत. आटोपशीर."

हे काही उत्तर नव्हे. मला सट्ट्याचा संशय आला. बाबा आंघोळीला गेले की मी त्यांचा फोन तपासायचे. लाज वाटायची, तरी तपासायचे. सापडलं काहीच नाही, म्हणून संशय आणखी वाढला. एकदा मुलीने मला पकडलं.

"ममा, आजोबा जस्ट लाइक्स फुटबॉल. लीव्ह हिम अलोन."

ऑक्टोबरात आम्ही अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात गेलो. बाबांनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि दहा मिनिटांनी दुसरीकडून आणखी दोन.

"बाबा, मेथी घेतलीत की मघाशी."

"असू दे, पराठे होतील."

यांचं डोकं उद्याच्या मॅचमध्ये, असं म्हणून मी मनातल्या मनात नॉर्वेवरच चिडले.

नोव्हेंबरात लीग संपत आली, तेव्हा बाबा फिरायला गेलेले बघून मी वही उघडली. सट्टा वगैरे काही नव्हता. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'क्रिकेटची नावं लहानपणापासून पाठ आहेत, ती धरायची नाहीत. नवीन काही लक्षात राहतं का, ते बघायचं.' पुढे दर सोमवारी, न बघता लिहिलेली सोळा संघांची क्रमवारी. निळ्या पेनाने संघ, लाल पेनाने स्वतःच काढलेल्या चुका. नावं नवी होती तोवर लाल बरंच होतं, जूनमध्ये जवळजवळ नाही, आणि मग पुन्हा वाढत गेलेलं.

हे त्यांनी एकट्याने चालवलं होतं, माझ्या घरात, आणि मी फोन तपासत होते. मला भयंकर भीती वाटली.

शेवटच्या पानावर मात्र एकही लाल खूण नव्हती. खाली त्यांच्या सुबक अक्षरात होतं: 'तपासलं. सगळं बरोबर.' माझा जीव भांड्यात पडला. पण सवय कुठे जाते? मी फोनवर तक्ता काढून ताडून पाहिला. सहा संघ भलत्याच जागी होते आणि एकाचं नाव दोनदा आलं होतं.

वही होती तशी ठेवली. पुढच्या सोमवारी पहाटे पाचला चहाचे दोन कप घेऊन मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बाबांनी वही मिटली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुला कधीपासून फुटबॉल आवडायला लागला?"

"सोळाच तर संघ आहेत," मी म्हटलं. "मलाही शिकवा."