साडूंचा छपराचा पूल

पूल ही ओलांडायची नव्हे, ऐकायची वस्तू आहे असं मानणारा माणूस साऱ्या अमिरातीत एकच, आणि ते नेमके माझे थोरले साडू. हत्ता गावामागच्या उंच, बोडक्या डोंगरात त्यांच्या अरबाबाचं, म्हणजे मालकाचं, शेतघर आहे. तिथल्या कोरड्या ओढ्यावर मालकाने हौसेने छप्पर घातलेला लाकडी पूल बांधून घेतला. बांधणारे साडू, पुढे राखणारेही साडू. नोकरी या पुलाचीच, व्हिसाही त्याच्याच जिवावर. माझा पुलांशी संबंध ट्रॅफिकमध्ये अडकण्यापुरता. साडू मात्र रोज सकाळी हातोडीने एकेक बोल्ट ठोकत, कान लावत आणि "हा गातोय" म्हणून पुढे सरकत. आम्ही दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतून दोन तास गाडी हाकत जावं, तर चपला काढून एकेकट्याने पूल ओलांडायचा. "काका, इट्स जस्ट अ ब्रिज," माझी मुलगी एकदा म्हणाली. "मग तुझा बाप जस्ट बाप आहे का?" साडूंनी विचारलं. तिने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "यस."

यंदा म्हातारा अरबाब वारला आणि महिन्याभरात साडूंनी पूल बंद केला. बोल्ट गात नाहीत, एकही नाही, आतून लाकूड कुजलंय म्हणाले. मालकाच्या मुलांना पूल नकोच होता. "खलास, पाडून टाका." पाडणारे येणार त्याच्या आदल्या दिवशी मी गेलो. साडू पुलाच्या मध्यावर पाठमोरे उभे होते. तीन हाका मारल्या, वळले नाहीत. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले.

"बघा साडूभाऊ, मेलाय," म्हणत त्यांनी हातोडी मारली. साऱ्या छपराखाली टणत्कार घुमला, आढ्यावरची कबुतरं उडाली. साडू ती कबुतरं बघत राहिले, मग माझं तोंड.

खरं पटकन सांगायची सवय मला नाही, बायको साक्षीला आहे. पण त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणालो, "गातोय."

"आणि हा?"

"हाही गातोय."

असे सगळे बोल्ट झाले. शेवटच्या काहींच्या वेळी त्यांनी मला विचारलंच नाही. हातोडी शर्टाला पुसली.

"फोन लावा अरबाबाच्या मुलांना. पूल ठणठणीत आहे म्हणावं. राखणारा बदला."

पूल राहिला. साठी उलटलेल्याला दुसरी नोकरी कोण देणार? पुढच्या आठवड्यात साडूंचं गावी परतायचं विमान आहे. मेहुणीबाई गेल्यापासून तिकडे घर उघडायलाही कुणी नाही. तोवर ते आमच्या हॉलमध्ये असतात, टीव्ही फार मोठ्याने लावतात. आम्ही कुणी आवाज कमी करत नाही.