बैल सोडायचे की नाही

नर्सच्या कामाबद्दल मी लिहावं, हा आगाऊपणाच आहे. मी डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बी.ए.ला असताना एका सर्व्हेत काही महिने काम केलं, एवढाच माझा अधिकार. चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

"डॉक्टर जवळ नसताना नर्स निर्णय कसा घेते, ते आपल्याला मोजायचंय," यवतमाळला आमच्या सरांनी सांगितलं होतं. त्यासाठी कार्डं होती. प्रत्येक कार्डावर एक पेशंट लिहिलेला. आपण काय करणार ते नर्सनं सांगायचं: स्वतः उपचार, डॉक्टरांना कळवणं, की मोठ्या दवाखान्यात पाठवणं. तज्ज्ञांच्या उत्तराशी जुळलं तर मार्क.

मला आर्णीपलीकडचा एक लहान सरकारी दवाखाना मिळाला. तिथं सुमनसिस्टर होत्या आणि नामदेव शिपाई. डॉक्टर अधूनमधून येत.

पहिल्याच कार्डाला अडलं. मी वाचलं, "पहिलटकरीण. पाय सुजलेले. डोळ्यांपुढे अंधारी. काय कराल?"

"गाडीनं आली का पायी?" सिस्टरनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"बैल ताजे आहेत का थकलेले?"

"तेही नाही."

"मंग तुह्या कार्डातली बाई मी कशी वाचवू, बाबू?"

नामदेव हसला. "सिस्टर, तुम्ही नापास!"

पुढे चार दिवस बसल्यावर मला उलगडा झाला. फाटकाशी बैलगाडी थांबली की सिस्टर बाहेर जाऊन पेशंटला गाडीतच बघायच्या. मग एकच वाक्य. 'बैल सोडा' म्हणजे उपचार इथंच. 'सोडू नका' म्हणजे असंच आर्णीला, तिथून मोटारीनं यवतमाळ. एकदा बैल सुटले, पाणी प्याले, माणसांनी शिदोरी सोडली, की सकाळपर्यंत कुणी हलत नसे. मी सरांना हे सांगितलं.

"बैलांचा रकाना नाही आपल्याकडे," ते म्हणाले.

मग एका दुपारी अगदी कार्डातल्यासारखीच पोर आली. सुजलेले पाय, डोळ्यांपुढे अंधारी.

"बैल सोडू नका," सिस्टर म्हणाल्या.

तिचा सासरा भडकला. "पहाटपासून चालून राह्यले बैल. जीव आहे का नाही त्याइले?"

"बैलाची एवढी काळजी! सुनेची कर थोडी. हाक!"

गाडी गेली. आर्णी यायच्या आतच, रस्त्याकडेच्या बाभळीखाली, ती बाळंत झाली. मायलेकरू सुखरूप. गावोगाव हसू झालं. सासऱ्यानं डॉक्टरांकडे तक्रार केली, "काहून हाकललं आमाले उन्हात?"

डॉक्टर सगळ्यांसमोर सिस्टरना म्हणाले, "कुणाला कुठं पाठवायचं ते मी ठरवणार. पुन्हा असं झालं तर वर कळवीन."

"बरं, साहेब."

नंतर मी भीत भीत विचारलं, "तुम्हाला काय दिसलं होतं तिच्यात?"

"भेव वाटलं," त्या म्हणाल्या. "दरखेपेले ते खरं नसते. एखादीचं असते."

दिवाळीनंतर दुसरी फेरी झाली. त्याच सिस्टर, तीच कार्डं. गाडीचं त्यांनी विचारलं नाही. मी वाचायचो, त्या म्हणायच्या, "डॉक्टरांना कळवीन." वाचून पुरं व्हायच्या आतच. बहुतेक कार्डांवर तज्ज्ञांचं उत्तरही तेच होतं.

सर खूश झाले. "पाहिलंस? सगळ्यात जास्त सुधारणा या बाईंची."

मोजमापात ती सुधारणाच होती. मला वाटतं, कार्डावर उतरली होती ती नुसती धास्ती. पण हे मला तेव्हा नीट मांडता आलं नसतं, आजही येतं की नाही कोण जाणे. माणूस धाकात असला की त्याचं उत्तर बरोबर येऊ शकतं, एवढंच मी त्या कामात शिकलो.

सर्व्हे संपला. पुढच्या उन्हाळ्यात आर्णीच्या बाजारात नामदेव भेटला. मी सिस्टरची खुशाली विचारली. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"तशीच एक पोर आलती, भाऊ. सुजलेली. सिस्टर बाहीर गेल्या. गाडीत पाह्यलं, लय वेळ पाह्यलं. मंग म्हणाल्या, सोडा बैल, साहेबाले निरोप धाडते."

"मग?"

"साहेब दुसऱ्या दिवशी आले. बैल चारा खाऊन ताजे झालते. त्याच गाडीत, तोंड झाकून, नेलं तिले वापस, गावाले."