जीपमधलं लॅटिन

घोंगडं उन्हात टाकलं की त्याच्या वासासरशी जांबोटीची ती दुपार आठवते. भाताच्या बांधावर आमच्या मालकांना, माझ्या नवऱ्याला, नाग चावला, तेव्हा चौघांनी ह्याच घोंगड्यात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन टोचून चिठ्ठीवर 'रेफर, बेळगाव' लिहिलं. रेफर झालेलं माणूस परत येत न्हाय, असंच आम्ही समजायचो. बेळगावला न्यायच्या जीपमध्ये दवाखान्यातल्या म्हाताऱ्या नन सिस्टर सोबत आल्या, त्या म्हणाल्या, "अण्णा, झोपायचं न्हाय. लॅटिनमध्ये फेर्रे म्हणजे वाहून नेणं. त्याचीच ही इंग्रजी लेकरं. रेफर म्हणजे माघारी नेणं. म्हणा बघू, रेफर, ट्रान्सफर, ऑफर." "मला आता कलेक्टर करताय व्हय?" असं म्हणून मालक ते शब्द घोकू लागले खरे, पण वाटेतलं किणये गाव यायच्या आतच जीभ जड झाली, पापण्या मिटल्या आणि 'ट्रान्सफर'च्या पुढं आवाजच बंद झाला. सिस्टरांनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला. मग बेळगाव येईस्तोवर मालकांचा गार हात धरून मीच ते तीन शब्द मोठ्यानं म्हणत राहिले, थांबायची भीतीच वाटत होती. आज घोंगडं झटकताना सहज 'रेफर, ट्रान्सफर' पुटपुटले, तर चहाची वाट बघत बसलेले मालक सोप्यातनं ओरडले, "ऑफर!"