माझ्या वतीने दिलेला होकार

"हे सगळं स्वखुशीने करतेस ना?" नोटरी वकिलाने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत माझा दीर म्हणाला, "होय साहेब. स्वखुशीनंच."

वकिलाने मान डोलावली. प्रश्न मला होता. उत्तर दिराचं चाललं.

मी दाराबाहेर पायरीवर उभी. आत दोन खुर्च्या रिकाम्या. मी आत पाय टाकला तेव्हाच वकील बोलला होता, "तिला बाहेरच राहू दे. मासळीचा वास बसतो खोलीत." त्या दिवशी मी टोपली उचललीच नव्हती. डोक्यावरून आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आले होते. याच वकिलाची बायको मालवणच्या बाजारात माझ्याकडून सुरमई निवडून न्यायची. सुरमई तिची. वास माझा.

आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. नवरा मुंबईला गोदीत. त्याने तिकडे दुसरी केली, असं आमच्या गावात, तोंडवलीत, सगळ्यांना माहीत होतं. मलाच कोणी सांगत नव्हतं. घरात दीर आणि सासू कुजबुजायची. मी आले की गप्प. सासू माझ्या ताटात वाढायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

त्या सकाळी दीर म्हणाला, "चल गो, मालवणाक जाऊचा आसा. तुझी सही होई."

"कसली सही?"

"तुझ्या घोवान सांगलेला आसा. चल."

सासूने माझ्या कडेवरून मुलगी काढून घेतली. "चेडू रवांदे हय." पोर तीन वर्षांची. रडली नाही. कारण सासूने तिच्या हातात लाडू दिला होता. त्या घरात माझ्या पोरीला कधी कोणी लाडू दिला नव्हता.

एसटीत मला खिडकीशी बसवलं. शेजारी दीर. पुढे त्याचा दोस्त.

वकिलाने कागद वाचला. भराभर, पण बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल असा. मी नवऱ्याला सोडते. घरावर हक्क सांगणार नाही. पोटगी मागणार नाही. माझी चालचलणूक बरी नाही. मी बाजारात परपुरुषांशी हसून बोलते. मुलगी सासरीच राहील.

बाकावरचा एक जण हसला.

गिऱ्हाइकाशी हसून नाही बोलायचं तर काय रडून बोलायचं? हे आज सुचतं. तेव्हा कानात नुसती गाज.

"चल, अंगठा दे," वकील म्हणाला.

"माका सही येता."

"मग सही कर. लवकर. बाजारबसव्यांच्या भानगडींना मला वेळ नाही."

शिकलेला माणूस. काळा कोट. किती सहज बोलला.

दिराने माझं मनगट धरलं, बोटांत पेन कोंबलं. हाड दुखेपर्यंत दाबलं. आणि तसं धरलेलं असतानाच वकिलाने तो प्रश्न विचारला. स्वखुशीने ना? दिराने होय म्हटलं. वकिलाने शिक्का उचलला.

मला डोळ्यांसमोर पोर दिसली. लाडू खाताना.

"नाय."

कोणाला ऐकू गेलं नाही. मी परत म्हटलं, "नाय. माझी खुशी नाय. माका सही करूची नाय."

वकिलाने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मग इथे कशाला आलीस?"

"मी आयलंय नाय. माका हाडल्यानी."

पेन मी पायरीवर टाकलं. बाकावरची माणसं आता हसत नव्हती. वकिलाने शिक्का खाली ठेवला आणि दिराला म्हणाला, "घरी नीट समजावून आणा."

रस्त्यावर दीर माझ्या कानाशी म्हणाला, "घराकडे ये तू. मगे बघतंय."

मी एकटीच एसटीने परतले. दार आतून बंद. आत पोर रडत होती. मी अंगणात उभी राहून ओरडले. वाडीतल्या बायका बाहेर येईपर्यंत ओरडले. "चेडू भायर हाडा! नायतर मी हयसून हलूचंय नाय!" शेवटी सासूने दार उघडलं. पोरीला घेतलं आणि त्याच घरात शिरले. माझी चूल वेगळी मांडली.

मग सगळं थंड झालं. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. विहिरीवरचा माझा दोर कापलेला सापडला. एकदा टोपलीतल्या मासळीवर कोणीतरी राख ओतली. दीर रोज अंगणात कोयता पाजवत बसायचा. माझ्याकडे बघत.

मी मालवणच्या कोर्टात नवऱ्यावर पोटगीचा दावा लावला.

त्याच्या नावाची नोटीस घरी आली त्या दिवशी दीर माझ्या चुलीपाशी आला. "कोर्टात सगळ्यांसमोर तुझी लाज काढतलंय. मगे गावात तोंड दाखवूक येवचा नाय तुका."

मी भाकरी उलटली.

"काढ," मी म्हटलं. "काय काढूचा ता काढ. मी तारखेक येतलंय. दर तारखेक येतलंय."